शतावरीला ताण देताना

पौष लागला की मी बागेतला पाण्याचा पाइप गुंडाळून माळ्यावर टाकते आणि पुढे महिनाभर सगळ्या सोसायटीची बोलणी खाते. यंदाही सुरू झालंय. सकाळी डबा घेऊन बाहेर पडले, तर वॉचमन म्हणाला, "मॅडम, तुमची झाडं वाळली." म्हटलं, माहीत आहे. गेटपाशी पोचेपर्यंत आणखी एकीने तेच सांगितलं, आणि रिक्षात बसता बसता पहिल्या मजल्यावरून दातार काकूंचा आवाज आला, "अगं, निदान बादलीभर तरी ओत!" एवढी काळजी या लोकांनी सोसायटीच्या टाकीची घेतली असती, तर मे महिन्यात टँकर मागवायची वेळ आली नसती. पण टाकीकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

झाडं अ‍ॅस्परॅगसची आहेत. नेरुळच्या जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहण्याचा फायदा म्हणजे मागे लांबट मातीची एक पट्टी मिळते. तोटे सांगत बसले तर लेख संपायचा नाही. त्या पट्टीत मी हे थंड मुलखातलं झाड लावलंय. त्याची तऱ्हा अशी की हिवाळ्यात ते वरून वाळतं, खाली मुळं झोपतात, आणि झोप झाली की जमिनीतून बोटाएवढे कोंब सरळ वर येतात. ते कोंब म्हणजे भाजी. आता नेरुळला कसला आलाय हिवाळा? सकाळी फिरायला जाणारे हौसेने स्वेटर घालतात आणि नऊ वाजता तो कमरेला बांधून परत येतात, तेवढाच. मग थंडी नाही तर नाही, निदान तहान तरी द्यायची. पाणी तोडायचं. झाडाला वाटलं पाहिजे की आता काही खरं नाही, झोपलेलं बरं.

याला माझ्या माहेरी 'ताण देणं' म्हणतात. आमच्या आटपाडीकडे डाळिंबाच्या बागांना ताण देतात, मगच बहार धरतो. लहानपणी जेवताना अण्णा सहज म्हणायचे, "बागेला ताणावर सोडलंय," आणि आम्हीही सहज ऐकायचो. पण हा शब्द लग्नानंतर या घरात उच्चारला, तेव्हा सुहास, म्हणजे माझा नवरा, काळजीने म्हणाला, "तू उगाच टेन्शन घेऊ नकोस हं." म्हटलं, अरे, मी घेत नाहीये, देतेय. झाडांना देतेय. त्यावर तो हसला आणि परत मोबाइलमध्ये गेला. हा माणूस प्रत्येक गोष्टीवर आधी हसतो आणि मग ती विसरतो.

त्याच्या आधीच ताण हा शब्द मला नकोसा झाला होता, हेही खरं. दवाखान्यात जो तो तेच सांगायचा. ताण घेऊ नका, ताणाने दिवस राहत नाहीत. सुया टोचून घ्यायच्या, सोनोग्राफीसाठी तासन्‌तास रांगेत बसायचं, संध्याकाळी रिपोर्टच्या फोनसाठी जीव टांगणीला लावायचा, आणि वर ताण घ्यायचा नाही. तुर्भ्याला मसाल्याच्या कारखान्यात मी लॅबमध्ये काम करते. मिरचीच्या एका नमुन्यावर कुणी इतक्या वेळा तीच तपासणी केली असती, तर मी त्याला विचारलं असतं, बाबा, तुला नक्की काय शोधायचंय? शेवटी डॉक्टर म्हणाले, अजून एकदा बघू या, तेव्हा मीच म्हटलं, नको. पुरे. सुहासने मान हलवली. आम्ही फाइल घेऊन बाहेर पडलो.

घरी जायचं धाडस दोघांनाही होईना, म्हणून वाशीला एका मोठ्या दुकानात शिरलो. काही घ्यायचं नव्हतं. तिथे रबर लावलेली ही हिरवी जुडी दिसली, घेतली. घरी येऊन लोण्यावर परतली आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच दोघांनी खाल्ली. कित्येक महिन्यांनी जिभेला काहीतरी चव लागली होती. मला एकदम वाटलं, हे आपण लावायचं. ज्याचा दवाखान्याशी, तारखांशी, पंचांगाशी, कुणाच्या नवसाशी काही संबंध नाही, असं काहीतरी आपलं आपण उगवायचं. एवढी साधी इच्छा होती हो.

बी मागवलं. पाकिटावर सूचना काय, तर 'शेवटचं हिम पडून गेल्यावर पेरावे.' आता नेरुळमध्ये शेवटचं हिम कधी पडलं, हे मी कुणाला विचारू? पाम बीच रोडला? माघात कोमट पाण्यात बी भिजत घातलं, कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये पेरलं आणि वाट बघत बसले. मेथी चार दिवसांत वर येते, मोहरी त्याच्याही आधी. हे महाशय महिना उलटत आला तरी ढिम्म. मी रोज वाकून बघायची आणि रोज चिडायची. ट्रे फेकायलाच निघाले होते, तेव्हा दोऱ्याएवढं एक हिरवं काहीतरी दिसलं. मग दुसरं. इतकं नाजूक की खोकायचीही भीती. पावसाळ्याच्या तोंडाशी ती रोपं पट्टीत लावली, तर गोगलगायींनी निम्मी खाल्ली. उरलेल्यांना पिसारा फुटला, तर सोसायटीच्या माळ्याने गवत समजून दोन छाटली. ज्याला त्याला तो शेपू वाटायचा. "वा, शेपू छान आलाय!" शेपू नाही. "मग बडीशेप?" बडीशेप नाही. आणि कापायचं कधी, तर दोन-तीन वर्षांनी. त्याआधी एक कोंबही तोडायचा नाही, मूळ कमजोर होतं. हे ऐकून लोक माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच त्यांना फसवलंय.

पण खरी पंचाईत केली ती सुहासने. सासूबाईंनी त्याला विचारलं, "काय रं लावलाय तिनं?" याने मोबाइलवर बघितलं आणि दिवे लावले, "शतावरी."

झालं! आमच्या सासूबाई उरणकडच्या. त्यांच्या माहेरची भाताची खाचरं जिथे होती, तिथे आता कंटेनर एकावर एक रचून ठेवलेत. पण डोक्यातलं शेत काही गेलेलं नाही. त्यांच्या गावी पावसात डोंगरावरून रानशतावरीचे कोवळे कोंब भाजीला यायचे, आणि मुळ्या बाळंतिणीला दुधातून द्यायचे. शतावरी म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पाळणाच. त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी ती वेगळी, ही वेगळी, ही तिची फार लांबची परदेशी नातेवाईक, वगैरे जे बोलले, ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. "तेच गो ते," म्हणाल्या आणि तशाच चप्पल घालून दातार काकूंकडे गेल्या.

दातार काकूंना कळलं म्हणजे सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचे कष्ट वाचले. आठवड्याभरात माझ्याकडे शतावरी कल्पाचे इतके डबे जमले, की दुकान टाकलं असतं. कुणी दुधातून घे म्हणे, कुणी तुपातून. कुणाची पनवेलची मावशी वैद्य, कुणाच्या भाचीला तिसऱ्याच महिन्यात गुण आला. बायका माझ्याशी बोलताना हळूच खाली बघायच्या, माझ्या ओढणीपाशी. एकदा तर भाजीवालीने लिंबं जास्त घातली पिशवीत, न मागता. मी सगळ्यांना सांगून थकले की अहो, भाजी आहे, नुसती भाजी, खायची. त्या समजूतदारपणे हसायच्या. "असू दे गं. आपण कशाला आधी बोलायचं?" आता यापुढे माणसाने बोलावं तरी काय!

आणि सासूबाईंना खरं सांगायचं काम सुहासकडे होतं. वाटणीच तशी झाली होती. माझ्या आईला मी सांगितलं, रडून मोकळी झाले. तुझ्या आईला तू सांग. "सांगतो. जरा वेळ बघून सांगतो." गणपती गेले, वेळ दिसली नाही. दिवाळी गेली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे म्हणाला, झालं. मावशीकडचं लग्न होऊन जाऊ दे म्हणाला, त्या लग्नातल्या जोडप्याला मुलगी झाली. हा अजून वेळ बघतोय! मी विषय काढला की म्हणायचा, "ती किती आशेने बघते गं त्या झाडांकडे, कसं सांगू?" माझ्या डोक्याचा भुगा व्हायचा. त्या आशेखाली रोज सकाळी मी उभी असायची, चहा गाळत. हा ऑफिसला.

गेल्या वर्षीचा पौष मी विसरणार नाही. रोपं चांगली दोन वर्षांची झाली होती. मी पहिल्यांदाच कडक ताण दिला. पाइप माळ्यावर, सगळ्यांना ताकीद. आठवडा गेला, दुसरा गेला, पिसारे हिरवेगार. पिवळं पानही नाही. माती उकरली तर ओलसर. मला वाटलं पाइपलाइन गळतेय. प्लंबर आणला, त्याने विनाकारण एक फरशी फोडली. मग वाटलं, वरून दातार काकूंच्या एसीचं पाणी पडतंय. पौषात एसी कोण लावतं, हा विचारही केला नाही, सरळ वर जाऊन भांडून आले. काकू म्हणाल्या, "या दिवसांत अशी चिडचिड होतेच हो." म्हणजे पुन्हा तेच! मी जिन्यातच दोन मिनिटं कठडा धरून उभी राहिले.

मग एक दिवस तुर्भ्याला लाइट गेली आणि आम्हाला दुपारीच घरी सोडलं. दार उघडून आत आले, तर घरात कुणी नाही. मागचं दार उघडं. सासूबाई वाफ्यापाशी वाकलेल्या, हातात पातेलं, आणि तांदळाचं धुवण एकेका बुंध्याला असं घालत होत्या की थेंब बाहेर जाऊ नये.

"आई! काय करताय?"

दचकल्यासुद्धा नाहीत. "पानी घालते. दिसत नाय?"

"मी घालू नका म्हणाले होते ना?"

"तू म्हनालीस. पन वालतंय ना गो ते."

"वाळायलाच हवंय! वाळल्याशिवाय कोंब येत नाहीत. किती वेळा सांगू?"

"नको बाय, असं नको बोलू." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "आमच्या शेतात पानी तोडून काय कदी पिकलं नाय. आनि शतावरी तर वालू द्यायचीच नसते. घरानं आशा धरलेली असते तिच्यावर."

माझ्या पोटाकडे बघितलं नाही त्यांनी. त्या बाईंचं हे मला मानावंच लागेल, कधीही बघितलं नाही. झाडाकडेच बघत म्हणाल्या, "देव करील त्याच्या टायमाला."

मला इतका राग आला. त्यांचा, सुहासचा, दातार काकूंचा, त्या डब्यांचा, पाकिटावरच्या हिमाचा. आणि रागात जे इतके महिने कुणाला जमलं नव्हतं ते माझ्या तोंडून निघालं. "आई, काही करणार नाहीये देव. आम्ही थांबवलंय सगळं. ही पेरली, त्याच्या आधीच थांबवलं. मूल होणार नाहीये आम्हाला."

पलीकडे रस्त्यावर कुठला तरी ट्रेलर मागे घेत होते, त्याचं पीप पीप चालू होतं. त्या कपडे धुवायच्या दगडावर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "सुहासला ठाव हाय?"

आता याला काय म्हणायचं! एरवी मी हसले असते. म्हटलं, "त्यानेच सांगायचं होतं तुम्हाला."

"मंग दोन वरसं मी कोनासाठी पानी घालत होते गो?"

म्हणजे हे चोरून पाणी घालणं या पौषातलं नव्हतंच. पहिल्या रोपापासूनचं होतं. मी ऑफिसला गेले की रोज. मी तिथेच ओल्या मातीत बसले आणि रडले. दवाखान्यातून बाहेर पडताना रडले नव्हते, दुकानात नाही, आईला सांगतानाही इतकी नाही. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, पाठीवर हात फिरवला नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उठ. चिखल हाय," आणि पातेलं घेऊन आत गेल्या.

संध्याकाळी सुहास आला, तो सासूबाईंनी त्याला दारातच धरला. "तुला तोंड दिलाय ना देवानं? नुसता खायाला दिलाय?" तो माझ्याकडे बघतोय, मी भांडी लावतेय. ज्याला वेळ सापडत नव्हती, त्याला तासभर बसवून ऐकवलं. मला त्या दिवसात तेवढंच एक समाधान.

पण नंतरचे दिवस वाईट होते. त्या माझ्याशी जेवणापुरतं बोलायच्या. भाकरी वाढू का, कालवण संपलं, बस. पाण्याला हात लावला नाही. आता पिसारे खरंच पिवळे पडायला लागले, आणि मी, जिला ते हवं होतं, ती रोज त्यांच्याकडे बघून घाबरायची. सासूबाईंच्या बाकीच्या सुनांना मुलं आहेत. सणाला सगळे जमतात, तेव्हा घर नातवंडांनी भरतं. इतके दिवस मी निदान 'होईल' या खात्यात तरी होते. आता त्यांच्या लेखी या घरात मी कोण, हे मला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. सुहास म्हणायचा, होईल सगळं नीट. तो नेहमी असंच म्हणतो.

यंदा मात्र तोटीवर पहारा सासूबाईंचाच. आज दातार काकू परत बादलीचं बोलल्या, तर मी रिक्षात बसायच्या आत आमच्या घरातून आवाज आला, "वालू द्या ओ! आमचं हाय, आमी बघू." आणि कोंब आले की त्यांची भाजी होते ती लोण्यावर नाही. दिवाळे गावातल्या कोळणीकडून घेतलेल्या सुकटात, वर कोकम. सुहासने पहिल्यांदा नाक मुरडलं, मग तिसरी भाकरी मागितली. पाकिटावर ही कृती नव्हती. असो.

मला सारखी आठवते ती गेल्या माघातली सकाळ. रविवार होता. मी विळा घेऊन वाळलेले पिसारे जमिनीलगत कापत होते. काहींवर मण्यांएवढी लाल फळं लटकलेली होती. सासूबाई स्टूल घेऊन आपण होऊन बाहेर आल्या, कित्येक दिवसांनी, आणि जवळ बसल्या.

"ही लाल काय?"

"फळं. ही मादी झाडं आहेत."

"आनि ती पलीकडची? त्यांना नाय ती?"

"ती नर. त्यांना फळ धरत नाही. पण कोंब भरपूर येतात, झाड टिकतंही जास्त. मोठ्या शेतात तर फळवाली उपटून टाकतात." मी लॅबमधल्यासारखी सांगत गेले, आणि वाक्य संपल्यावर मला कळलं की मी कुणाला काय सांगतेय. विळा हातातच राहिला.

"फलनारी उपटतात?"

"हो."

"कशाला?"

"सगळी ताकद फळातच जाते म्हणतात."

त्यांनी एक फळ तोडून बोटांत फिरवलं. आपल्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघितलं. "खरं हाय गो. मी चार काढली. जाते ताकद." मग पलीकडच्या झाडांकडे हात केला. "म्हंजे तू त्यातली."

"आई, ती नर असतात."

"असू दे. तू काय कमी हायस?"

मला हसू आवरेना आणि डोळेही. सुहास खिडकीत चहाचा कप घेऊन उभा होता. तो म्हणाला, मग मी येऊन उपटू का ती लाल फळांची, कोंब तरी भरपूर येतील. त्या स्टुलावरून अर्ध्या उठल्या.

"कोनी कोनाला उपटायचं नाय," त्या म्हणाल्या. "ही बी ऱ्हातील, ती बी ऱ्हातील. जागा हाय."